पाच कसोट्या आणि डोळे झाकून बटण

निवडणूक जवळ आली की सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज उगवतो. गेल्या विधानसभेला मला तो सात जणांनी पाठवला, त्यातले दोघे एकाच घरातले. मजकूर असा: आमदार निवडताना पाच गोष्टी बघा. तो पदवीधर असावा. त्याच्यावर एकही गुन्हा नसावा. तो आपल्याच भागातला असावा. नळाला रोज पाणी देईन असं त्यानं लिहून द्यावं. आणि तो आधी हरलेला नसावा, कारण काम करणारा कधी हरत नाही. पाचही जुळलं की डोळे झाकून बटण दाबा.

पहिला पाठवणारे आमचे शेजारचे काका. निवृत्त मास्तर, माणूस सरळ, हेतूही चांगला. म्हणूनच नीट उत्तर देतोय. काका, राग मानू नका.

पदवीचं आधी उरकतो. राज्यघटनेच्या कलम 173 मध्ये आमदारकीसाठी नागरिकत्व आणि वयाची 25 वर्षं अशा अटी आहेत, शिक्षणाची अट नाही. वसंतदादा पाटलांचं शिक्षण शाळेतच थांबलं होतं. त्यांच्याच सरकारनं 1983 साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. तो निर्णय चांगला की वाईट यावर खुशाल भांडू, पण तुमचा धाकटा इंजिनिअर झाला तो अशाच एका कॉलेजातून.

गुन्ह्यांचा मुद्दा मात्र चार ओळींत संपणारा नाही. निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र असतं, नमुना 26. मी ते मोबाइलवर वाचायला बसलो होतो. स्कॅन तिरकं, नोटरीचा गोल शिक्का नेमका कलमांच्या आकड्यांवर, रकान्यारकान्यात 'निरंक' आणि 'लागू नाही'. तरी चिकाटीनं वाचलं की कळतं की तिथे गुन्ह्यांची नुसती संख्या नसते. कोणतं पोलीस ठाणं, कोणतं कलम, कोर्टात आरोप निश्चित झाले का, शिक्षा झाली का, हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. मेसेज फक्त मोजायला सांगतो.

सोलापुरात विडी कामगारांचा, यंत्रमाग कामगारांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर कधी गेला नाही असं वर्ष आठवतं का? जमावबंदीचा आदेश लागू असताना मोर्चा काढला की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37(3) आणि 135 लागतं. असे मोर्चे काढत आयुष्य गेलेल्या माणसाच्या नावापुढे दहा-बारा गुन्हे सहज दिसतील. दुसऱ्याच्या नावावर एकच, पण तो फसवणुकीचा किंवा जीवघेण्या हल्ल्याचा. तुमच्या हिशेबात दुसरा पहिल्यापेक्षा दहापट सज्जन! आणि शून्याचंही खरं सांगू का, ज्याच्याविरुद्ध फिर्याद द्यायला कोणी धजत नाही त्याचाही रकाना कोराच असतो. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना तर 1931 साली कोर्टानं दोषी ठरवून फाशी दिली. हे उदाहरण जरा भावनिक झालं, मान्य, पण त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो.

प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते तीनदा वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात. अशा माणसाला तिकीट का दिलं याची कारणं पक्षानंही जाहीर करायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 सालचा आदेश आहे. ती कारणं एकदा वाचाच. बहुतेकांची भाषा इतकी सारखी असते की नाव बदलून कुणालाही चिकटवावी.

'आपल्या भागातला' याबद्दल फार बोलत नाही. राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघात मतदार असलं तरी उभं राहता येतं. सुशीलकुमार शिंदे सोलापूर शहरातले, इथल्या कोर्टात शिपायाची नोकरी केलेले, पण पहिली आमदारकी मिळाली ती जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून.

आता पाणी. आमच्याकडे नळ येतो चार-पाच दिवसांआड. पिंपं, बादल्या, गच्चीवरची टाकी, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. 'रोज पाणी' ऐकून जीव का सुखावतो हे मला काय सांगता! पण वॉर्डात कोणत्या वेळी कोणता व्हॉल्व्ह उघडायचा हे महापालिकेचं काम. 2022 नंतर काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे नळाचं गाऱ्हाणं आमदाराच्या दारात नेण्याची सवय आणखी पक्की झाली.

आमदाराचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. शहराला पाणी देणारं उजनी धरण भरलं की 117 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणी. शेतीला पाण्याच्या किती पाळ्या, नदीत कधी सोडायचं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं, आणि तिथे आमदार बसतात. शहर जिथून नदीचं पाणी उचलतं त्या टाकळीला ते पोचवायचं तर भीमेतून कितीतरी पट जास्त सोडावं लागतं, उरलेलं वाटेत मुरतं, उडतं, उपसलं जातं. म्हणून तर धरणातून थेट शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीसाठी एवढी धडपड झाली. दारात आलेल्या उमेदवाराला मी विचारीन: त्या बैठकीत तुम्ही शहराच्या बाजूनं बोलणार की उसाच्या? आधी आमदार होता, तर उजनीवर सभागृहात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं असे, किती लावले? लिहून घ्यायचंच असेल तर याची उत्तरं लिहून घ्या. शपथपत्रात यातलं काही सापडणार नाही. त्यात घर, गाडी, सोनं, कर्ज, पाच वर्षांचं प्राप्तिकरातलं उत्पन्न एवढं सगळं असतं, पण निवडून आल्यावर काय करणार याचा रकानाच नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, 'काम करणारा कधी हरत नाही'. हे वाक्य सोलापूर जिल्ह्यात बसून कसं लिहवतं? सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा निवडून आले. एस.टी.नं फिरायचे एवढंच आपण कौतुकानं सांगतो. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी आटपाडीच्या पाणी परिषदेत ते वर्षानुवर्षं उभे राहिले, ते सांगत नाही. तेही 1972 ला हरले आणि 1995 ला पुन्हा हरले, तेव्हा फरक होता 192 मतांचा. विडी कामगारांचे माकप नेते नरसय्या आडम 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झाले. त्यांच्या पुढाकारानं शहराजवळच्या कुंभारीत विडी कामगारांची 10,000 घरं उभी राहिली, मग तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30,000 घरांची योजना आली, त्यातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. आडम मास्तर त्याआधी 2009, 2014, 2019 ला हरले होते, आणि किल्ल्या वाटून झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात परत हरले.

त्यांचं राजकारण पटावं असं माझं म्हणणं नाही, मलाही सगळं पटत नाही. पण काका, तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी कुंभारीहून येतात. घर कसं मिळालं ते त्यांना विचारा, आणि मग तो मेसेज पुढे पाठवायचा का ते बघा.