माझ्या माशाची तक्रार कुणाकडे करू?

मासे घेताना माझ्यासारखं छळवादी गिऱ्हाईक दुसरं नसेल. कल्ले उचलून लाल आहेत का पाहतो, माशाच्या डोळ्यांत डोळे घालतो, अंगावर बोट दाबून खड्डा भरून येतोय का ते बघतो, आणि एवढं करून घरी गेल्यावर "जरा शिळाच निघाला" म्हणतो ते वेगळंच. शेवटी एके दिवशी मासे विकणाऱ्या बाईंनी सुरी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "दादा, तुम्ही स्वतःच का नाही धरत?"

गळाला काही लागण्याआधी हे बोलणं मला लागलं.

समुद्राचा विचार लगेच बाद झाला. समुद्रात जायला बोट लागते, आणि मला बोट लागते. म्हणून रविवारी पहाटे साडेपाचला मी तळ्याकाठी. परवाना रीतसर काढला होता. थर्मासभर चहा, टोपी, घडीची खुर्ची, वाचायला पुस्तक, सगळं होतं. बर्फ नव्हता. तो मुद्दा पुढे येईल.

गळाच्या टोकाला एक उलटा काटा असतो, त्यामुळे गळ आत सहज जातो पण बाहेर येत नाही. हे मला स्वेटरच्या बाहीने शिकवलं. दिवसाची पहिली शिकार तीच. ती सोडवून गांडूळ हातात घेतलं. गांडुळाला डोळे नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. तरीही ते माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं.

शेजारी एक आजोबा उकिडवे बसले होते. त्यांच्याजवळ सामान म्हणाल तर एक काठी आणि एक डबा. माझी मांडामांड थोडा वेळ बघून ते म्हणाले, "पाय आपटू नका. आणि आधी खाली बसा." माशाच्या दोन्ही अंगांना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. म्हणजे माझ्या बुटांची बातमी केव्हाच तळ्यात पोचली होती. शिवाय माशाला पाण्याखालून वरचं सगळं जग एका गोल झरोक्यातून दिसतं. काठावर बसलेला माणूस त्या झरोक्याच्या कडेला चेपून जातो, उभा राहिलेला ठळक दिसतो. मी तर लाल टोपी घालून उभा होतो.

बसलो. दोऱ्यावरचं बूच पाण्यावर निवांत डुलत होतं. तासाभराने ते एकदा 'हो' म्हटल्यासारखं किंचित हललं, मी जिवाच्या आकांताने काठी उचलली, आणि वर आला रिकामा, चकचकीत, जणू घासून पुसून ठेवलेला गळ. पुन्हा गांडूळ, पुन्हा 'हो', पुन्हा रिकामा गळ. अकरा गांडुळं गेली. मी मासे पकडत नव्हतो, अन्नछत्र चालवत होतो.

"पहिल्या टोचणीला ओढू नका," आजोबा म्हणाले. "तो चाखतोय. बूच बुडू द्या की."

गांडुळं संपली तेव्हा त्यांनी कणकेची गोळी दिली. या वेळी बूच हललं, थांबलं, आणि मग तिरकं होऊन सरळ खालीच गेलं. काठी वाकली. ते वजन हाताला कळलं तो क्षण मात्र खरा. पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे आणि त्याला माझ्याशी अजिबात संबंध ठेवायचा नाही, हे इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दीड वीत लांबीचा, रोहूच्या खानदानातला मासा निघाला. डोक्यावर एकच नेमका टोला, तो आजोबांनी मारला. मी त्या वेळी गंभीरपणे ढग बघत होतो. "पोट इथेच साफ करा आणि बर्फात घाला," ते म्हणाले. मी "हो हो" म्हणत सव्वीस फोटो काढले, आणि मासा पिशवीत, पिशवी उन्हात, असा घरी आलो.

खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे असतात. कसे काढू नयेत तेही सांगतो: पंख्याखाली. मासा साबणासारखा निसटत होता, आणि प्रत्येक फटकाऱ्यासरशी खवले टिकल्यांसारखे उडत होते. एक चष्म्याच्या काचेवर बसला, एक चहात. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे हा सगळा प्रकार तो टक लावून बघत होता.

"हिरवट पिशवी दिसेल, ती पित्ताची. फोडू नकोस, सगळं कडू होईल," आई आतून ओरडली.

"आई, तू हे आधी का नाही सांगितलंस?"

कडू झालेला भाग कापून टाकला. उरलेल्याला चिखलाचा वास. तळ्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. गंमत म्हणजे पहिल्या सरीनंतर मातीचा जो सुगंध येतो, तोही याच द्रव्याचा. म्हणजे पावसात कविता आणि कढईत तक्रार. आंबटाने ते मोडतं, म्हणून अख्खं लिंबू पिळून मासा मुरत ठेवला.

राहता राहिले काटे. या माशांच्या मांसात कण्याला न जोडलेले, बेचकीच्या आकाराचे बारीक काटे सुटे पेरलेले असतात. आईने सुरी घेऊन तुकड्यांवर अगदी जवळजवळ चिरा दिल्या, म्हणजे काटे तुटतात आणि तापलेल्या तेलात कुरकुरीत होतात. आईच्या वाट्याचे झाले. माझ्यावर तिचा विश्वास बसावा म्हणून दोन तुकडे मी स्वतः चिरले होते, ते अर्थातच माझ्या ताटात आले.

पहाटेपासून केलेल्या उद्योगाचे माणशी चार घास झाले. मी दाढेतला काटा जिभेने शोधत होतो. आईने एक तुकडा खाल्ला, थोडी थांबली, बोटांचा वास घेतला.

"जरा शिळाच लागतोय रे," ती म्हणाली. "कल्ले बघून घेतला होतास का?"

"आई, हा मी धरलाय."

"असू दे," आई म्हणाली. "पुढच्या वेळी याच्याकडून नको घेऊस."