भांडण टिकवायचंय? मग भावा, जपून

भावा, तुझं भांडण चांगलं पोसलेलं आहे, हे दिसतंयच. पण कोल्हापुरात ते टिकवणं खायचं काम नाही. इथली माणसं भांडतात जोरात आणि मिटवतात त्याहून जोरात. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पारावर बसू नकोस. पूर्वी तिथं गोतसभा, म्हणजे गावचं न्यायाला बसणं, भरायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, दोन्हीकडची माणसं समोरासमोर. बेलभंडारा हातात देऊन शपथ घ्यायला लावायचे, मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहायचे आणि पाटील सहीच्या जागी नांगर काढायचा. कागदाला कुणी भीत नव्हतं रे. पण ज्याच्यादेखत 'मिटलं' म्हटलं, त्याच्याचकडं उद्या दाढी करायला आणि परवा नांगराच्या फाळाला धार लावून घ्यायला जायचं! पलटी मारणार कशी? त्यापेक्षा स्टेटस बरं. तोंड दाखवावं लागत नाही, रात्री टाकलं की सकाळी काढता येतं. 2023 च्या जूनमध्ये अशाच स्टेटसवरून शहरात दगड उडाले, दुकानांची शटर पडली, इंटरनेट बंद झालं. एवढं काम पारावरच्या दहा म्हाताऱ्यांना जन्मात जमलं नसतं.

परंपरेतलं काही उचलायचंच असेल, तर वाळीत टाकणं उचल. तेही आपलंच आहे, उगाच नाकारू नये. फक्त 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आडवा येतो. पंच म्हणून मिरवायची हौस असलेल्यांची त्यानं फार गैरसोय केली.

तालमींपासून तर लांबच राहा. जोर-बैठकांचं सोड, नावंच बघ की: बाबूजमाल तालीम, अवचितपीर तालीम. पीराच्या नावाच्या तालमीत गणपती बसतो आणि कुणाला काही वाटत नाही! 2018 आणि 2019 साली गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा काही ठिकाणी मोहरमचे पंजे आणि गणपती एकाच मांडवात होते. कार्यकर्ते तेच, वर्गणीची पावती फाडणारेही तेच. बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणपती कोरलाय, तिथनं जाताना मान खाली घाल. कुरुंदवाडला गणपतीत जाऊच नकोस. तिथं मशिदीत गणपती बसवतात, आणि तुझ्यासारख्याला पहिला प्रसाद देतात.

चहाचं सांगायचं राहिलं. शाहू महाराजांनी यात फार वाईट पायंडा पाडला. गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. भाषण नाही, ठराव नाही. आता छत्रपतीच अस्पृश्याच्या हातचा कप तोंडाला लावतो म्हटल्यावर बाकीच्यांनी विटाळ पाळायचा कुणाच्या जोरावर? 'ये, घोटभर घेऊन जा' असं कुणी म्हटलं, की तू ॲसिडिटी सांग.

सगळ्यात घातक म्हणजे पंगत. पूर्वी चुकलेल्याला पंगतीला घेतलं की प्रकरण संपायचं, पुन्हा उगाळायची सोय नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. बांधावरनं चुलतभावाशी माझं अकरा वर्षं छान चाललं होतं. दोन वेळा मोजणी, एक वकील, आणि जत्रेत एकमेकांकडं पाठ. वकील तर घरच्यासारखा झाला होता. मग भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं बोकड कापला आणि दोघांना शेजारी शेजारी बसवलं. बांधाचं अवाक्षर काढलं नाही. "जेवा गुमान," एवढंच.

मी ताटाकडं बघत बसलो. चुलतभावानं वाढप्याच्या हातनं तांबड्या रश्श्याचं भगुणं घेतलं, माझ्या वाटीत ओतलं. खोबऱ्याचा वास आला, वर तर्री तरंगत होती. मी म्हणालो, "अजून घाल की."