वेळ जात नव्हता म्हणून?

माझ्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "समाजसुधारक बायका सगळ्या खात्यापित्या घरच्या. वेळ जात नव्हता, म्हणून संस्था काढल्या." खाली निम्म्या भावंडांचे अंगठे. दादा, मला मनापासून राग आला.

मी शिकागोला असते. ऑफिसला जाताना हॉलस्टेड स्ट्रीटवर, युनिव्हर्सिटीच्या इमारतींना लागून, हल हाउसचं जुनं घर दिसतं. गरिबांच्या वस्तीत स्वतः राहून शेजाऱ्यांसाठी काम करायचं, अशी ती संस्था. जेन अ‍ॅडम्स १८८९ मध्ये मैत्रीण एलन स्टारला घेऊन तिथे राहायला गेली आणि ही संस्था काढली. ती पैसेवाल्या घरची, हे कबूल. पण आजूबाजूला देशोदेशीचे गरीब मजूर आणि गल्लीगल्लीत कुजणारा कचरा. ठेकेदार तो नीट उचलेना, तेव्हा १८९५ मध्ये ती स्वतः वॉर्डाची कचरा निरीक्षक झाली आणि सकाळी सहाला गाड्यांमागे फिरू लागली. विरंगुळा म्हणून कोण करेल हे?

फ्लॉरेन्स केली तर नवऱ्याला सोडून, तीन मुलांना घेऊन १८९१ च्या ऐन थंडीत तिथे आली. तिला पोटासाठी काम हवं होतं. कोंदट खोल्यांत कपडे शिवणाऱ्या बायकामुलांची तिने दारोदार फिरून नोंद केली. त्यातून १८९३ चा इलिनॉयचा कारखाना कायदा आला: चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी, बायकांना आठच तास काम. मुख्य निरीक्षक तीच झाली. आठ तासांचं कलम कोर्टाने दोन वर्षांत रद्द केलं, तरी ती हटली नाही.

आणि १८८९ च्याच मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडणाऱ्या पंडिता रमाबाई? आईवडील दुष्काळात गेले, ऐन तारुण्यात वैधव्य आलं. अमेरिकेत गावोगावी भाषणं करून त्यांनी विधवांसाठी पैसा उभा केला. तुझी लेक जिथे समाजकार्य शिकली, ती टाटांची संस्थाही १९३६ मध्ये मुंबईतल्या नागपाडा नेबरहुड हाउस या अशाच वस्तीकेंद्रात सुरू झाली, वस्तीत राहून काम करायच्या याच रीतीतून.

यावर दादाचं उत्तर, "तिकडे बसून बोलायला काय जातं!" ते लागलं, कारण या बायकांचं मोठेपण तिथे राहण्यात होतं. मी उपनगरात राहते, शेजाऱ्यांची नावं पार्सलांवर वाचून कळतात. पुण्यातल्या आमच्या वाड्यातली सगळी नावं पाठ आहेत, पण वाडाच उरला नाही. देणग्या दोन्हीकडे देते, माणसांत मात्र कुठेच नाही.

पण म्हणून रमाबाई आणि फ्लॉरेन्स केली रिकामटेकड्या ठरत नाहीत. तेवढं ग्रुपवर दुरुस्त कर, दादा.