घरी अडकलेल्यांचा वाटा

‘पाळकाचं (चर्चच्या धर्मगुरूचं) खरं काम व्यासपीठावरच’, म्हणजे प्रवचन देण्यातच, हे एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यांनी इ.स. १५० च्या सुमारास रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. भाकर आणि द्राक्षारस वाटून झाला की जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन (मंडळीचे सेवक) घरी पोहोचवत. म्हणजे आजारी माणूसही त्याच पंगतीतला!

माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला तोच भाकर-द्राक्षारसाचा वाटा, घेऊन कुणी आलं की उशीला टेकून उठून बसायची, थरथरती ओंजळ पुढे करायची. प्रवचनं तिला आठवत नसत, पण कोण येऊन गेलं ते नावानिशी सांगायची. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावं असं आहे खरं. पण बोलवायचाही संकोच वाटणारे कितीतरी असतात, त्यांच्याकडे आपणहून जायला हवं.