अ‍ॅन्ड्र्यू जॉन्सचं ‘अर्धं’ विजेतेपद

रग्बी लीगच्या (तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीच्या) गप्पा निघाल्या की ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल नाइट्स क्लबच्या अ‍ॅन्ड्र्यू जॉन्सबद्दल एक ठरावीक मजकूर हमखास फिरतो. विजेतेपदं दोनच, त्यातलं 1997चं अर्ध्या लीगमधलं. भोवती संघ चांगला होता म्हणून चमकला. गुणांचा विक्रम केव्हाच मोडला. वर अमली पदार्थ. तेव्हा ‘सर्वश्रेष्ठ हाफबॅक’ (संघाचा खेळ चालवणारा खेळाडू) ही न्यूकॅसलकरांची भाबडी भक्ती, असा त्याचा एकंदर सूर.

यातली बरीच वाक्यं सुटी-सुटी खरी आहेत. निष्कर्ष तेवढा चुकलाय.

आधी 1997. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातली लीग खरोखरच दुभंगली होती. टीव्ही हक्कांच्या भांडणातून माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज लिमिटेडने सुपर लीग काढली. तिकडे दहा संघ, जुन्या एआरएलमध्ये (ऑस्ट्रेलियन रग्बी लीग, नाइट्स इथेच) बारा. सुपर लीगने तर न्यूकॅसलच्या अंगणातच हंटर मरिनर्स नावाचा संघ उभा केला, तो एका मोसमात गुंडाळला गेला. तिकडचं विजेतेपद ब्रिस्बेन ब्रॉन्कोजचं. ते आणि नाइट्स भिडले असते तर कोण जिंकलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण ‘अर्धी लीग’ म्हणताना अंतिम सामन्यात समोर कोण होतं, ते सोयीस्कर गाळलं जातं. समोर होती सिडनीची मॅनली: 1996ची विजेती, सलग तिसरी फायनल खेळणारी. शेवटचे काही सेकंद उरलेले, 16-16 बरोबरी. अशा वेळी सगळ्यांचे डोळे एका गुणाच्या ड्रॉप गोलकडे (चेंडू टप्पा घेताच मारलेल्या किककडे) असतात. जॉन्सने डमी हाफला (टॅकल झालेल्या खेळाडूच्या मागे) चेंडू उचलला, मैदानाच्या अरुंद बाजूला शिरला आणि डॅरेन अल्बर्टला पास दिला. अल्बर्टने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय, 22-16. हे करताना जॉन्सच्या फासळ्या मोडलेल्या होत्या आणि फुफ्फुसाला छिद्र होतं. लीग अर्धी असेल. त्या पासला अर्धा कसा म्हणणार? त्याच वर्षी बीएचपी कंपनीने न्यूकॅसलचा पोलाद कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं होतं, म्हणून शहर त्या विजयाला इतकं बिलगलं. तो गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे मान्य.

‘संघाने तारलं’ या म्हणण्यात तथ्य आहे. पॉल हॅरॅगन, डॅनी ब्यूडेरस, बेन केनेडी ही काही लिंबूटिंबू मंडळी नव्हती आणि 1997च्या फायनलचं क्लाइव्ह चर्चिल पदकही (फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) रॉबी ओडेव्हिसने नेलं. पण हाफबॅकचं कामच मुळी इतरांना चालवण्याचं. चेंडू समोरच्यांना देण्याआधी मिळणाऱ्या सहा टॅकलच्या आत तो कुठे न्यायचा, कुणी धावायचं, कधी लाथाडायचा, हे सात नंबरची जर्सी ठरवते. 2001मध्ये शेजारी खेळणारा थोरला भाऊ मॅथ्यू इंग्लंडमधल्या विगन क्लबकडे निघून गेला होता. तरी गुणतक्त्यात अव्वल असलेल्या पॅरामॅटाविरुद्ध फायनलच्या मध्यंतराला नाइट्स 24-0ने पुढे होते. सामना त्यांनी 30-24 असा जिंकला आणि चर्चिल पदक या वेळी जॉन्सचं.

उलटी बाजूही पाहा. 2004मध्ये गुडघा गेला, 2005मध्ये जबडा मोडला. त्या 2005च्या मोसमात नाइट्स तळाला राहिले. त्याच वर्षी स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये (न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड राज्यांमधली दरवर्षीची तीन सामन्यांची मालिका) न्यू साउथ वेल्स पहिला सामना हरलं होतं. दुसऱ्याला जॉन्स परतला: 32-22. तिसरा खुद्द ब्रिस्बेनमध्ये: 32-10. त्यानंतर तो ओरिजिन खेळला नाही आणि 2006पासून क्वीन्सलँडने सलग आठ मालिका जिंकल्या. आठही त्याच्या नसण्यामुळे, असं म्हणणं बावळटपणाचं ठरेल. क्वीन्सलँडकडे थर्स्टन, स्मिथ, स्लेटर होते. पण ‘संघामुळे तो’ हे गणित इथे जुळत नाही.

विक्रमाचं थोडक्यात. त्याचे 2176 गुण हाझेम एल मास्रीने 2009मध्ये ओलांडले. एल मास्री विंगर, अफलातून गोलकिकर. त्याने जास्त गुण केले म्हणून हाफबॅक म्हणून जॉन्स लहान कसा होतो, हे मला कळलेलं नाही. (क्रिकेटवाल्यांसाठी गंमत: 2006-07च्या मोसमात न्यू साउथ वेल्सने जॉन्सला ट्वेंटी-20तही उतरवलं होतं. त्यावरून त्याची थोरवी मोजू नये, ही विनंती.)

राहता राहिले अमली पदार्थ. मानेच्या दुखापतीने एप्रिल 2007मध्ये तो निवृत्त झाला. ऑगस्टमध्ये लंडनमध्ये एक्स्टसीची गोळी सापडून पकडला गेला आणि मग कारकिर्दीत बराच काळ हे चालू होतं, असं त्याने टीव्हीवर कबूल केलं. बायपोलर आजाराबद्दलही तेव्हाच बोलला. नियम मोडला, लपवला. यात सफाई देण्यासारखं काही नाही. 2012मध्ये त्याला आठवा ‘इमॉर्टल’ (या खेळातला सर्वोच्च सन्मान) केलं तेव्हाही यावरून वाद झालाच. पण पार्टीतल्या गोळीने कुणाला बचावातली फट दिसायला लागत नाही.

जॉन्सविरुद्ध खरंच काही फिरवायचं असेल, तर 2010 आहे. न्यू साउथ वेल्सच्या शिबिरात प्रशिक्षकांपैकी एक असताना त्याने क्वीन्सलँडच्या ग्रेग इंग्लिसबद्दल वर्णद्वेषी शब्द वापरला. संघातला खेळाडू टिमाना टाहू शिबिर सोडून निघून गेला आणि जॉन्सलाही पद सोडावं लागलं. त्या मजकुरात नेमकं हेच कुठे नाही.