‘बाकावर कोणीही बसवा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

बेसबॉलमधल्या राखीव खेळाडूंवर इथे जो लेख लिहिला होता, त्यावर ‘एक स्पष्टवक्ता, म्हापसा’ अशा सहीने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पष्टवक्त्यांच्या मते लेखात भावना जास्त आणि हिशेब कमी आहे. संघ स्टार खेळाडूंवर जिंकतो, “बाकावर कोणीही बसवा, काही फरक पडत नाही.” बेसबॉलवाल्यांचाच ‘वॉर’ हा आकडा (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जास्त सामने जिंकून दिले, ते सांगणारा) राखीव खेळाडूची किंमत शून्य ठरवतो. २०२२ पासून मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉलच्या, दोन्ही लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल) पिचरऐवजी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याऐवजी, दुसराच बॅटर खेळू लागला, त्यामुळे पिंच हिटरचे (ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणाऱ्याचे) दिवस सरले. आणि शेवटी, फातोर्ड्याला फुटबॉल असताना गोव्यातल्या माणसाला अमेरिकेतल्या बाकांचं एवढं कौतुक कशाला, “लेखकमहाशय स्वतः कधी मैदानात उतरले होते का?”

आधी सुराबद्दल बोलतो, कारण मला तोच लागला.

मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. माझं म्हणणं खोडून काढणाऱ्या प्रतिक्रिया मी इथे जशाच्या तशा ठेवल्या आहेत. पण ‘लेखकमहाशय’ ही हाक मुद्दा खोडण्यासाठी मारलेली नाही, हिणवण्यासाठी मारलेली आहे. आमच्या फोंड्याकडे मोठ्या माणसाचं पटलं नाही तर लोक तोंडावर सांगतात, “भाऊ, हे काही पटलं नाही.” त्याला धार असते, पण बोलणारा समोर उभा असतो. तुम्ही म्हापशाचे, म्हणजे तासाभराच्या अंतरावरचे. मी नाव-गाव घालून लिहितो आणि तुम्ही टोपणनावाआडून माझ्याकडे हिशेब मागता. स्पष्ट बोलायचंच होतं तर सहीही स्पष्ट करायची होती.

एक गोष्ट मान्य करतो. पिंच हिटरबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. नॅशनल लीगमध्ये पिचरला स्वतः बॅटिंग करावी लागे तेव्हा नऊ डावांच्या सामन्यात सातव्या-आठव्या डावात त्याच्या जागी बाकावरचा बॅटर येणं ही रोजची गोष्ट होती. लेनी हॅरिसने कारकिर्दीत पिंच हिटर म्हणून २१२ हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारले. तो विक्रम आता कोणी मोडेल असं मलाही वाटत नाही. पण बाक म्हणजे फक्त पिंच हिटर नव्हे. तेवढ्यावरून तुम्ही सगळा बाकच निकालात काढलात.

आता त्या वाक्याकडे येतो. ‘बाकावर कोणीही बसवा.’

मेजर लीगच्या संघात २६ जण असतात. त्यांत १३ पेक्षा जास्त पिचर ठेवता येत नाहीत आणि बहुतेक संघ पुरे १३ ठेवतात. उरले १३. त्यांतले ९ रोजच्या बॅटिंगच्या क्रमात. म्हणजे बाकावर चार. एक दुसरा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा), एक इनफिल्डमधल्या, म्हणजे बेसजवळच्या, दोन-तीन जागा सांभाळणारा, एक आउटफिल्डचा, म्हणजे लांबच्या मैदानाचा, चौथा गडी, आणि शेवटचा व्यवस्थापकाच्या गरजेप्रमाणे: कधी डावखुऱ्या पिचरसमोर चालणारा उजवा बॅटर, कधी नुसता वाऱ्यासारखा पळणारा. एवढ्या माणसांवर सहा महिन्यांत १६२ सामने काढायचे असतात. पहिला कॅचर हंगामात १२०-१३० सामन्यांपलीकडे क्वचितच जातो, गुडघे जातात त्याचे. उरलेले सामने कोण खेळतो? दुसरा कॅचर. तेराच्या तेरा पिचरांचा प्रत्येक चेंडू कसा पडतो, कुठे वळतो, कोण चिडला की चेंडू वर जातो, हे त्याला पहिल्या कॅचरइतकंच ठाऊक असावं लागतं. नाहीतर ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू मागे निसटतो आणि बेसवरचे (वाटेतल्या टप्प्यांवर थांबलेले) लोक घरी येतात, म्हणजे धावा होतात. तिथे ‘कोणीही’ बसवून दाखवा.

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या वाचकांना एक नियम सांगायला हवा. आपला बारावा गडी थोडा वेळ क्षेत्ररक्षण करतो आणि मूळ खेळाडू परत येतो. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, बदली आलेला त्याच्याच क्रमावर बॅटिंगलाही जातो. आणि बरोबरी झाली की सामना थांबत नाही, डाव वाढत जातात. म्हणजे आठव्या डावात मोठ्या बॅटरच्या जागी पळणारा माणूस धाडला, की अकराव्या डावात त्या क्रमाची पाळी येईल तेव्हा बॅट त्या पळणाऱ्याच्याच हातात असणार. व्यवस्थापक हे सगळं जाणून बाकाकडे बघतो. तो ‘कोणीही’ शोधत नसतो, एका ठराविक कामाचा एक ठराविक माणूस शोधत असतो.

१७ ऑक्टोबर २००४, बोस्टनचं फेनवे पार्क. अमेरिकन लीगच्या, सातांतले चार जिंकायच्या अंतिम मालिकेत बोस्टनचे रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यँकीजकडून पहिले तिन्ही सामने हरलेले. चौथ्या सामन्यात नववा डाव, एका धावेने मागे, आणि समोर मारियानो रिव्हेरा, शेवटचा डाव संपवण्यात ज्याच्या तोडीचा दुसरा पिचर नव्हता. बोस्टनच्या केव्हिन मिलारला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिला बेस) मिळाला. मिलार जड पायाचा, म्हणून बोस्टनचा व्यवस्थापक टेरी फ्रँकोनाने त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्सला पहिल्या बेसवर पाठवलं. जुलैअखेर डॉजर्सकडून आणलेला हा चौथा आउटफिल्डर. तो दुसरा बेस चोरायलाच (पिचर चेंडू टाकताना पळून तो गाठायलाच) आला आहे हे मैदानातल्या पोरासोरांनाही माहीत होतं, रिव्हेरालाही होतं. त्याला रोखायला रिव्हेराने पहिल्या बेसवर चेंडू टाकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला. आणि मग बॅटरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि निसटता पोचला. बिल म्यूलरच्या हिटवर तो घरी आला, बरोबरी झाली, बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होम रन (आपल्या षटकारासारखा, मैदानापार फटका) मारून सामना संपवला. पाचव्या सामन्यातही आठव्या डावात मिलारसाठी रॉबर्ट्सच पळाला आणि बरोबरीची धाव त्याचीच. मेजर लीगमध्ये ०-३ वरून मालिका जिंकणारा तो पहिला संघ, आणि पुढे १९१८ नंतरचं बोस्टनचं पहिलं विजेतेपद.

त्या मालिकेत रॉबर्ट्सने एकदाही बॅटिंग केली नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, तर तो उतरलाच नाही.

पण ही बेसचोरी त्या रात्री अचानक सुचलेली नव्हती. १९६२ साली १०४ बेस चोरणाऱ्या मॉरी विल्सकडून रॉबर्ट्स डॉजर्समध्ये असताना ती शिकला होता. विल्स त्याला सांगत असे की एक दिवस असा येईल, तू पळणार हे सगळ्यांना ठाऊक असेल आणि तरीही तुला पळावं लागेल. त्यासाठी रॉबर्ट्स पिचरांच्या हालचाली पाहत बसे, पाय कधी उचलतात, खांदा कधी वळतो. थंडीत तासन्‌तास बसून राहायचं, अंग गार पडू द्यायचं नाही, आणि मिळणार ती संधी तीन-चार सेकंदांची. ही लायकी ‘कोणीही’मध्ये असते असं तुम्हाला वाटत असेल, तर आपण दोघे वेगळा खेळ पाहतो आहोत.

आता, मी कधी मैदानात उतरलो होतो का. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं.

तरुणपणी मी फोंडा तालुक्यातल्या एका फुटबॉल क्लबाचा दुसरा गोलकीपर होतो. दुसरा गोलकीपर म्हणजे काय हे बाहेरच्याला कळत नाही. सरावात सर्वांत शेवटी घरी जाणारा तो असतो, कारण फॉरवर्डना पेनल्टी मारून बघायच्या असतात आणि पहिल्या कीपरला जपायचं असतं. अंधार पडेपर्यंत लाल मातीत उड्या मारायच्या, कोपरं सोलपटायची, आणि रविवारी ग्लोव्ह्ज घालून बाकावर बसायचं. पण त्या उड्यांतूनच मला कळायला लागलं होतं की फटका मारताना टेकलेल्या पायाचं बोट जिकडे, बहुधा चेंडू तिकडे. समोरच्या संघातले दोघे-तिघे गावोगावच्या स्पर्धांत पाहून ठेवलेले असायचे. मध्यंतरात मी आमच्या कीपरला सांगायचो, हा डाव्या हाताला मारणार, तो वरून मारणार. त्याने अडवलेल्या एका पेनल्टीवर आम्ही एक चषक जिंकलो. दुसऱ्या दिवशी क्लबाने विजयी संघाचा फोटो काढला तेव्हा बाकावरच्यांना बाजूला व्हायला सांगितलं. सांगणाऱ्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: खेळले ते अकरा, तुम्ही कुठे खेळलात?

त्यामुळे ‘काही फरक पडत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलेलं नाही. फरक कुठे पडतो ते मला माहीत आहे, कारण मी तिथे बसलेलो आहे. तुम्ही कुठे बसला होतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

‘वॉर’बद्दल थोडक्यात. त्या मापात शून्य म्हणजे किमान पगारात ट्रिपल-एमधून (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवरून) सहज मिळेल असा खेळाडू. तो ज्याने-त्याने रस्त्यावरून उचलून आणलेला नसतो, व्यावसायिक बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं चाळून राहिलेला असतो. सगळा संघ अशा शून्यवाल्यांचा केला तरी १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल, असं हे माप वापरणारेच धरून चालतात. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स ४१ जिंकले आणि १२१ हरले. म्हणजे त्या ४८ च्या खालीही भरपूर जागा आहे, आणि ‘कोणीही’ची भरती सुरू केली की संघ तिथेच जातो. शिवाय हा आकडा नियमित हंगामापुरता असतो. रॉबर्ट्सची ती चोरी त्यात नाही. २००५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तिसऱ्या सामन्यात चौदाव्या डावात जेफ ब्लमने होम रन मारला, त्या सिरीजमधली त्याची ती एकमेव बॅटिंग, आणि व्हाइट सॉक्स १९१७ नंतर पहिल्यांदा जिंकले. तेही त्यात नाही. जे मोजलंच जात नाही त्याला तुम्ही शून्य म्हणता आणि वर मला हिशेब शिकवता.

स्टार खेळाडूच जिंकून देतात म्हणता, तर २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पुन्हा पाहा. क्लीव्हलंडमध्ये शिकागो कब्ज, १९०८ नंतर विजेतेपद नाही. पाचव्या डावात कब्जचा पिचर जॉन लेस्टरबरोबर त्याचा नेहमीचा कॅचर डेव्हिड रॉस आला, वय ३९, हंगामभर दुसरा कॅचर. आल्याआल्या त्याची फेक चुकली, धावा गेल्या. पुढच्याच डावात त्याने क्लीव्हलंडचा पिचर अँड्र्यू मिलरच्या चेंडूवर होम रन मारला. दहाव्या डावात काइल श्वार्बरच्या जागी अल्बर्ट अल्मोरा पळायला आला. क्रिस ब्रायंटचा उंच फटका झेलला गेला, आणि झेल होईपर्यंत बेसवर थांबून अल्मोरा दुसऱ्या बेसवर सरकला. बेन झोब्रिस्टच्या फटक्यावर तो घरी आला. नंतरची धाव मिगेल माँटेरोच्या हिटवर, तोही बाकावरूनच आलेला कॅचर. सामना ८-७ असा संपला, म्हणजे माँटेरोच्या हिटवरची ती धाव नसती तर बरोबरी होती.

आणि दुसरी बाजू बघा, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथे आहे. दहाव्या डावाच्या उत्तरार्धात क्लीव्हलंडने एक धाव परत काढली होती, बेसवर माणूस होता, दोन बाद. बॅटिंगला आला मायकल मार्टिनेझ. आधीच्या एका बदलात तो कोको क्रिस्पच्या जागी आत आलेला, क्षेत्ररक्षणासाठी ठेवलेला, कारकिर्दीत .२०० च्या खाली सरासरी असलेला, म्हणजे दहा प्रयत्नांत दोनही हिट न मिळवणारा, बॅटर. त्याचा सरपटी फटका ब्रायंटकडे गेला आणि सिरीज संपली. मी मार्टिनेझला दोष देत नाही, त्याचं काम वेगळं होतं. पण सातव्या सामन्याचा शेवटचा चेंडू बाकावरच्या माणसाच्या वाट्याला आला, आणि बाकावर कोण होतं यावर निकाल ठरला. कब्जच्या बाकाने सामना काढला, क्लीव्हलंडच्या बाकाला तो काढता आला नाही. या रात्रीबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही, माझ्या मूळ लेखात मात्र सबंध परिच्छेद होता. लेख शेवटपर्यंत वाचला होतात ना?

गोव्यातल्या माणसाने कशावर लिहावं हे मला दुसऱ्या गोवेकराने ठरवून द्यायची गरज नाही. फातोर्ड्याला मी जातो आणि जात राहीन. बोस्टनमध्ये नोकरीला होतो तेव्हा हा खेळ लागला, तो सुटला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड सिरीजचा टोरंटोतला सातवा सामना इथे रविवारी पहाटे साडेपाचला सुरू झाला. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा गल्लीतून जाऊन बराच वेळ झाला होता तेव्हा नवव्या डावात मिगेल रोहासने, छत्तिशीतल्या, बॅटिंगसाठी कधीच नावाजलेल्या नसलेल्या माणसाने, बरोबरीचा होम रन मारला आणि डॉजर्स अकराव्या डावात जिंकले. डॉजर्सचा व्यवस्थापक कोण होता? डेव्ह रॉबर्ट्स. रोहासला त्या सामन्यात खेळवायचा निर्णय त्याचा.



प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती लेखाखाली तशीच राहील. उत्तर द्यायचं असेल तर मला एवढंच सांगा: त्या दहाव्या डावात, दोन बाद असताना, क्लीव्हलंडच्या बाकावर तुम्ही कोण ठेवला असतात आणि का. खाली नाव घाला. पुढचा लेख दुसऱ्या कॅचरांवर येतो आहे.