दोन खोल्यांच्या घराला उदईच्या, म्हणजे वाळवीच्या, कामाचे किती घ्यावेत?

तालुक्याच्या गावी पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न येतो तो ‘स्क्वेअर फुटाचा भाव काय?’ हा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो आपल्याकडचा नाही. एकाच इमारतीत एकामागून एक फ्लॅट करता येतात, पाणी-वीज-लिफ्ट हाताशी असते आणि एकाच चमूची दिवसभरात अनेक घरे होतात, अशा नागपूर-पुण्याच्या वसाहतींत तो भाव जन्माला आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा, नेर, आर्णी या पट्ट्यात येणारे काम म्हणजे एक स्वयंपाकघर, ढेकूण झालेले दोन पलंग, सागवानाची एखादी चौकट किंवा तूर ठेवलेली मागची खोली. या कामाला स्क्वेअर फुटाने गुणले तर येणाऱ्या आकड्यात जाण्या-येण्याचे पेट्रोलही निघत नाही. म्हणून लहान कामाला आधी फेरीचा किमान दर असावा, तो फोनवरच स्पष्ट सांगावा आणि कामाचा हिशेब त्याच्या वर सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

माझा किमान दर गावातल्या गावात सहाशे रुपये आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या खेड्यासाठी हजार रुपये आहे. हा आकडा ऐकल्यावर बहुतेक जण एकच बोलतात, “बाप्पा! इतल्याले शंभराची तरी दवाई लागन का?” यात त्यांचे चुकत नाही, कित्येक कामांना शंभराचेही औषध लागत नाही. मात्र त्या हजारात पंप, ड्रिल आणि सोबतचा मदतनीस घेऊन मोटारसायकलवर जाणे असते, भांडीकुंडी आणि धान्याचे डबे हलेपर्यंत थांबणे असते, आणि तास-दीड तासाच्या कामासाठी गेलेला अर्धा दिवस असतो. परवान्याचा खर्चही त्यातच येतो. कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याखालील नियम 1971 चे. त्यानुसार हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवान्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी आणि मान्य केंद्रीय संस्थेतील प्रशिक्षण लागते. पदवीचे पैसे झुरळांकडून वसूल करता का, असे एका नातेवाइकाने मला विचारले होते. होय, थोडेफार तिथूनच करावे लागतात.

झुरळांच्या कामात दर ठरतो तो दुसऱ्या फेरीमुळे. स्वयंपाकघरात फ्रिजच्या मोटारीजवळ, मिक्सरच्या बुडाशी आणि बिजागरीच्या फटीत सापडणारे तांबूस, लहान झुरळ हे जर्मन जातीचे असते. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्ले बाहेर पडायच्या बेतापर्यंत पोटाशी घेऊन हिंडते आणि त्या पिशवीतल्या अंड्यांपर्यंत औषध पोहोचत नाही. मी मसुराच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके फटीफटीत लावतो. ते खाऊन मोठी झुरळे मरतात, पण अंड्यांतून नंतर निघालेल्यांसाठी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. एका फेरीत काम संपवणारा माणूस तीनशे रुपयांत खुशाल करून देईल, आणि महिन्याभराने त्या घरची गृहिणी ‘पेस्ट कंट्रोलने काहीच होत नाही’ असे साऱ्या आळीला सांगेल. म्हणून मी दोन फेऱ्यांचा एकच दर सांगतो आणि दुसरी फेरी नको असल्यास कामच घेत नाही. ढेकणांचेही असेच. आठवड्या-दीड आठवड्यात अंडी फुटतात, त्यामुळे पलंगाचे सांधे, गादीच्या शिवणी आणि भिंतीवरच्या फोटोंच्या मागची बाजू दुसऱ्यांदा केल्याशिवाय पैसे घेण्याला अर्थ नाही. ढेकणांचा दर मी खोलीवर न लावता पलंगावर लावतो, कारण खोली रिकामी असली तरी मेहनत पलंगाचीच असते.

सर्वांत जास्त घासाघीस होते ती उदईच्या कामात. (पुस्तकात तिला वाळवी म्हणतात, आमच्याकडे वाळवी म्हटले तर घरमालक क्षणभर थांबतो.) “चौकट एकच हाय जी, दोनशे घ्या अन् मारून द्या,” हे वाक्य मी फार ऐकले आहे. त्या चौकटीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकून पाहिली की वरून रंग शाबूत असलेले सागवान पोकळ वाजते, आणि खाली फरशीच्या सांध्यातून मातीची पेन्सिलीएवढी नळी वर चढलेली दिसते. उदई त्या चौकटीत राहत नाही, ती तिथे जेवायला येते. तिचे वारूळ जमिनीत असते. चौकटीवर औषध शिंपडले तर ती वीतभर सरकून दुसऱ्या सांध्यातून येते, म्हणून उपाय जमिनीतच करावा लागतो. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आयएस 6313 च्या तिसऱ्या भागात पद्धत दिलेली आहे. भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर साधारण फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोके पाडायची, प्रत्येक भोकात जास्तीत जास्त लिटरभर द्रावण सोडायचे आणि मग भोके बुजवायची. दोन खोल्यांच्या घरात अशी रेषा साठ फूट निघाली तर साठ भोके आणि साठ लिटरपर्यंत द्रावण होते. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे उदईचे औषध वापरले तर लिटरला दोन मिलीच्या आसपास, म्हणजे एकूण औषध जेमतेम सव्वाशे मिली. औषधाची बाटली हातात मावते, पण फरशीत साठ भोके पाडताना मदतनिसाचा खांदा भरून येतो. वीज गेली तर काम दुसऱ्या दिवसावर जाते, आणि खेड्यात ती कधी जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून उदईसाठी मी स्क्वेअर फूट मोजत नाही, भिंतीची लांबी धावत्या फुटाने मोजतो आणि भाव त्यावर सांगतो. एकट्या चौकटीचे काम करायचेच असेल तर करतो, पण किमान दर घेऊन आणि ‘हमी नाही’ असे पावतीवर लिहून. काही व्यावसायिक दोनशे रुपयांच्या फवाऱ्यावर पाच वर्षांची हमी देतात. ती हमी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात फोन न उचलण्याची तयारी आहे, असे मी समजतो.

आता स्पर्धेचे. आमची खरी स्पर्धा शहरातल्या कंपनीशी नाही, ती शेतातला पाठीवरचा पंप घेऊन घरात येणाऱ्याशी आहे. कपाशीवरून उरलेले औषध, मापाला बाटलीचे झाकण, दीडशे-दोनशे रुपये मजुरी, असा त्याचा दर असतो आणि तो मला कधीही परवडणार नाही. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर डिसेंबर 2020 अखेरपासून देशात बंदी आहे, तरी ढेकणांसाठी ‘ते जुने जालीम औषध आहे का’ अशी विचारणा आजही होते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते मोकळ्या रानात घडले. तीच औषधे दारे-खिडक्या लावून, पाळण्यात लेकरू झोपते त्या खोलीत मारायची, आणि त्याचा भाव माझ्या भावाशी ताडून पाहायचा, हे मला मान्य नाही. अशा तुलनेवर मी दर उतरवत नाही, कारण दर उतरवायचा तर वेळ उतरवावा लागतो, आणि वेळ वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे औषध घट्ट करणे.

एका कामाला माझ्याकडे दरच नाही. तुरीला किंवा हरभऱ्याला भुंगा लागला की राहत्या घरात गोळ्या ठेवून देण्याचा आग्रह होतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन वायू निघतो, तो शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि त्यासाठी खास मान्यता असलेले व्यावसायिक यांच्यापुरता मर्यादित आहे. माझ्याकडे ती मान्यता नाही, आणि असती तरी माणसे झोपतात त्या घरात मी गोळ्या ठेवल्या नसत्या. धान्य उन्हात कडक वाळवून, चाळून, हवाबंद कोठीत भरा, एवढा सल्ला मी फुकट देतो.

दर कमी करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग मला दिसतो, तो म्हणजे फेरी वाटून घेणे. एका खेड्यातली चार-पाच घरे एकाच दिवशी झाली तर हजाराचा किमान दर मी प्रत्येक घराला साडेचारशेवर आणतो. माझी मोटारसायकल त्या गावात एकदाच जाते, तर तिचे पैसे पाचदा घेण्याचे कारण नाही. त्यासाठी गावातल्या एकाने पुढाकार घेऊन घरांची यादी करावी लागते, आणि हे काम बचत गटाच्या महिला पुरुषांपेक्षा फार चांगले करतात. अंगणवाडी किंवा शाळेचे काम त्याच दिवशी निघाले तर फक्त औषधाचे आणि मदतनिसाच्या मजुरीचे पैसे घेतो.

पैसे देण्याच्या बाबतीत निम्मे पहिल्या फेरीला आणि निम्मे दुसऱ्या फेरीला, ही माझी पद्धत आहे. पावसाळ्यात, म्हणजे घरात उदई दिसते आणि हातात पैसा नसतो त्या दिवसांत, ‘कापूस विकला की देतो’ म्हणणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. पण उधारीचा वेगळा, चढा दर लावत नाही आणि पुढे रक्कम कमी करण्याची बोलणीही ऐकत नाही. ठरलेला आकडा दोघांसमोर वहीत लिहिलेला असतो, आणि वेचणी सुरू झाली की मी एकदा आठवण देतो.